तीन घरांची साक्ष

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. चार वाजायला पंधरा मिनिटं होती, आणि मराठी मंडळाच्या सभागृहातल्या एकशे दहा खुर्च्यांपैकी एकही रिकामी नव्हती. मागून आलेले भिंतीला टेकले, पोरं पहिल्या रांगेपुढच्या सतरंजीवर बसली, तरी दारातून माणसं येतच होती. याच सभागृहात वर्षभर व्याख्यानं होतात, सत्कार होतात, आणि खुर्च्या एकमेकींकडे बघत बसतात. विस्कटच्या दिवशी मात्र बडोद्यातली मराठी घरं दुपारची झोप मोडून येतात.

विस्कट म्हणजे इथली जुनी स्पर्धा. शब्दाची अक्षरं सुटी करायची, पुठ्ठ्याच्या मोठ्या चौकोनांवर लिहायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला उलटसुलट लटकवायची. त्यातून शब्द ओळखायचा. शेवटच्या लढतीला दोन घरं, प्रत्येक घरातली दोन माणसं. जो टेबलावरची घंटी वाजवेल त्यानं शब्द सांगायचा आणि त्याच्या जोडीदारानं अर्थ. अर्थही असा, की सतरंजीवरच्या पोरांना कळला पाहिजे. निम्म्याहून जास्त हात वर आले तर गुण, नाहीतर नाही. शब्दाला एक, अर्थाला एक.

बक्षीस ना कप, ना पाकीट. जिंकणाऱ्या घराला मिळतो मंडळाच्या पडवीतला फळा. दर रविवारी सकाळी त्यावर पाच विस्कटलेले शब्द लिहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी ते सोडवायचे. वर्षभर फळा त्या घराचा. आणि एक जुनी अट अशी, की दहा वेळा जिंकेल त्या घराकडे फळा कायमचा.

दत्ताजीराव शिर्के नऊ वेळा जिंकले होते.

निरुपमा प्रधान त्यातली शेवटची पाच वर्षं दुसरी आली होती. वय चोपन्न, शहराच्या समा भागात भावाच्या घरी राहायची, एका गुजराती शाळेत गणित शिकवायची. तिला तो फळा हवा होता, आणि का हवा होता हे तिनं कधी लपवलंही नव्हतं. दत्ताजीराव फळ्यावर असे शब्द लिहीत की शब्दकोशालाही शिंक यावी. 'तितिक्षा', 'प्रागल्भ्य', 'औपरोधिक'. पूर्वी रविवारी सकाळी भाजीच्या पिशव्या हातात घेऊन चाळीस माणसं पडवीत भांडायची. आता सहा येतात, त्यातले दोघे दत्ताजीरावांचे व्याही आणि साडू. निरुपमाला फळ्यावर घरातले शब्द लिहायचे होते, रोज तोंडात येतात ते. आज हरली तर ते कधीच होणार नव्हतं.

"आत्या, ती शब्दांची वही मिट आता," देवश्री म्हणाली. "बोर्डाची परीक्षा असल्यासारखं वाटतंय."

देवश्री तिची भाची, अकरावीत. शाळा इंग्रजी, मैत्रिणी गुजराती, मराठी फक्त घरात. दुकानाची मराठी पाटी वाचायला तिला वेळ लागायचा. पण विस्कटलेली अक्षरं समोर आली की तिची नजर त्यांच्यावरून अशी फिरायची जशी भाजीवालीची बोटं मटारांवरून. शब्द ती चटकन काढायची. त्याचा अर्थ काय, हे अनेकदा तिला निरुपमाच्या तोंडून कळायचं.

"घंटीवर हात तुझा," निरुपमा म्हणाली. "मी दाबायची नाही. काही झालं तरी मी दाबायची नाही."

"लिहून दे."

समोरच्या टेबलावर दत्ताजीराव येऊन बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पांढरा स्वच्छ सदरा, ताठ मान. पणजोबा हुजूर कचेरीत होते आणि मराठीत असा मसुदा लिहीत की पुण्याहून माणसं नक्कल करायला येत, हे ते दर वर्षी सांगत. घंटी त्यांच्या उजव्या तळव्याखाली. शेजारी त्यांच्या पत्नी रमाकाकू, मांडीवर पर्स, चेहरा बस थांब्यावर उभं असल्यासारखा शांत. दत्ताजीराव शब्द काढत, रमाकाकू अर्थ सांगत. नऊ वर्षांत त्यांच्या अर्थाला पोरांचे हात वर आले नाहीत असं एकदाही झालेलं नव्हतं.

मंडळाचा कार्यवाह संजीव मुळे शिट्टी गळ्यात अडकवून मंचावर चढला. तो कोयलीच्या रिफायनरीत सुरक्षा अधिकारी. कुठलाही कार्यक्रम बाहेर पडायचे रस्ते दाखवल्याशिवाय सुरू करायचा नाही.

"दारं दोन. एक माझ्या उजवीकडे, एक मागे. मागच्या दारात ज्यांनी खुर्च्या टाकल्यात त्यांनी त्या आत्ता उचला."

"संज्या, आग शब्दांना लागणार आहे, आम्हाला नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

"उचला."

खुर्च्या उचलल्या गेल्या. मग त्यानं परीक्षकांची ओळख करून दिली: मालविका राजाध्यक्ष, पुण्याच्या, वीस वर्षं शब्दकोशाच्या कामात. लहान चणीच्या बाई, समोर तीन जाडजूड ग्रंथ आणि एक साधी वही. दर वर्षी परीक्षक बाहेरचाच बोलवत, म्हणजे कुणाच्या नात्यातला निघत नाही. पाहुणी पुण्याची म्हटल्यावर सभागृहानं आपोआप पाठी सरळ केल्या.

शिट्टी वाजली. पहिली चार अक्षरं दोरीवर आली: सा, ड, क, व.

टिंग!

कुणाच्या घंटीचा आवाज झाला ते निरुपमाला देवश्रीचा हात बघूनच कळलं.

"कवडसा," देवश्री म्हणाली, आणि हळूच, "म्हणजे काय?"

निरुपमा पोरांकडे वळली. "दुपारी खोली बंद करून झोपलात, तर खिडकीच्या फटीतून उन्हाचा एक तुकडा आत येतो ना? जमिनीवर पडतो, तुम्ही हात धरला तर हातावर चढतो?"

सगळे हात वर. दोन गुण. मागच्या रांगांतून टाळ्या झाल्या, आणि एका क्षणासाठी निरुपमाला वाटलं, हे सोपं आहे.

पुढचे दोन शब्द दत्ताजीरावांनी मिळून अकरा सेकंदांत संपवले. धा, न, व, अ, न ही अक्षरं चिमट्यांत नीट बसण्याआधीच त्यांनी 'अनवधान' म्हणून टाकलं, आणि रमाकाकू म्हणाल्या, "दूध गॅसवर ठेवून तुमची आई फोनवर बोलते, तेव्हा जे होतं ते." पोरांचे हात वर, आयांच्या माना खाली. मग 'नवनीत'. चौथा शब्द पुन्हा देवश्रीनं मारला. ज, ण, वि, र. विरजण. चार-चार.

पाचव्याला निरुपमानं घोटाळा केला. सा, का, नो. तीनच अक्षरं, आणि शब्द तिला असा लख्ख दिसला की हात आपोआप पुढे गेला. टिंग! "कानोसा!"

"आत्या!" देवश्री किंचाळली. आता अर्थ तिला सांगायचा होता. ती उभी राहिली, पोरांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "कानोसा म्हणजे... कानात घालतात ते. मोठं असतं. लग्नात."

सभागृह खदखदून हसलं. रमाकाकूंनी उरलेला गुण उचलला. "आई-बाबा आतल्या खोलीत तुमच्या मार्कांबद्दल बोलत असतात, आणि तुम्ही दाराशी श्वास रोखून उभे राहता. तो कानोसा."

"लिहून दे म्हटलं होतं मी," देवश्री पुटपुटली.

त्यानंतर 'अवडंबर' आणि 'करकोचा' दोन्ही दत्ताजीरावांकडे गेले. शेवटचा 'लगबग' कसाबसा देवश्रीच्या हाती लागला. संजीवनं फलकावर आकडे लिहिले: शिर्के नऊ, प्रधान सात.

आता उलट फेरी. प्रत्येक घरानं आपला एक शब्द विस्कटून बंद पाकिटात आणलेला असतो. तो समोरच्या घरानं सोडवायचा. दोन मिनिटं, तीन प्रयत्न. सुटला तर सोडवणाऱ्याला दोन गुण, नाही सुटला तर देणाऱ्याला दोन. शब्द मराठी नसेल, तर शिक्षा म्हणून दोन्ही गुण समोरच्याला.

आधी दत्ताजीरावांचं पाकीट उघडलं. ह, व, गा, अ, न.

"हवन," देवश्री कुजबुजली. "हवन दिसतंय. पण अ आणि गा उरतात."

"ते मुद्दाम दिसावं म्हणून तसं लावलंय. हवन विसर."

"विसरता येत नाहीये! आता सगळीकडे हवनच दिसतंय."

तीस सेकंद गेले. संजीवच्या हातातलं घड्याळ टिकटिकत नव्हतं, पण निरुपमाला ते ऐकू येत होतं. ती डोळे मिटून दत्ताजीरावांसारखा विचार करायला लागली. ताठ मान, पणजोबा, मसुदा. या माणसाला कोणता शब्द आवडेल? ग्रंथाचं काहीतरी. शास्त्राचं काहीतरी.

"शेवटी न ठेव," ती म्हणाली. "आणि अ पुढे आण."

देवश्रीची बोटं टेबलावर अक्षरं सरकवल्यासारखी फिरली. मग थांबली. टिंग!

"अवगाहन! असं काही असतं?"

"असतं!" निरुपमा जवळजवळ ओरडली, आणि पोरांकडे वळून म्हणाली, "काठावर बसून पाय हलवायचे नाहीत. सरळ पाण्यात उतरायचं, डोकं बुडेपर्यंत. पुस्तकातही तसंच उतरलात तर त्यालाही अवगाहन म्हणतात."

नऊ-नऊ. सभागृहात असा गलका झाला की संजीवला दोनदा शिट्टी फुंकावी लागली. दत्ताजीरावांनी मान तुकवली. चांगल्या सोडवण्याला ते नेहमी मान तुकवायचे. तेवढे ते सरळ होते.

मग निरुपमाचं पाकीट उघडलं. ग, वा, र, स.

हा शब्द शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात सापडला होता. निरुपमा ओट्याशी शेंगा सोलत होती, देवश्री चहा पीत होती, आणि एकदम कप खाली ठेवून म्हणाली होती, "आत्या, हाच! सरगवा! दत्ताजीआजोबा संस्कृत शोधत बसतील, भाजीकडे बघणारच नाहीत." निरुपमानं अक्षरं कागदावर लिहिली आणि तिला हसू फुटलं. ग, वा, र अशी लावली की गवार दिसते आणि स उरतो. वा, र, स घेतली की वारस दिसतो आणि ग उरतो. एका शब्दात दोन खड्डे.

दत्ताजीराव पहिल्या खड्ड्यात सात सेकंदांत पडले. टिंग. "गवार."

"स उरला," संजीव म्हणाला. "प्रयत्न एक."

"अहो," रमाकाकू हळूच म्हणाल्या.

"थांब, रमा." तळवा घंटीवर, डोळे दोरीवर. टिंग. "वारस."

"ग उरला. प्रयत्न दोन. एक मिनिट झालं."

आता सभागृह पुढे झुकलं. देवश्रीनं निरुपमाचा दंड असा पकडला होता की मुंग्या आल्या. मागे काही बायका एकमेकींच्या कानाला लागून हसत होत्या. त्यांना दिसलेला होता. दत्ताजीरावांच्या ओठांतून अक्षरं बाहेर येत होती, परत जात होती. सरवाग. वासरग. रसगवा.

"अहो, मी काय म्हणते..."

"रमा, विचार करू दे मला!"

रमाकाकूंनी पर्सची चेन उघडली आणि लावली. संजीवनं हात वर केला. दहा, नऊ, आठ. चार राहिले असताना दत्ताजीरावांनी घंटी वाजवली आणि म्हणाले, "गवारस." सभागृहातून हसण्याची लाट गेली. कुणीतरी विचारलं, "गवारीचा रस का, दत्ताजीराव? साखर घालून की मीठ?"

शिट्टी. वेळ संपली.

"सरगवा!" निरुपमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच उंच वाटला. "हातभर लांब शेंगा, आमटीत घालतात, दातांत धरून ओढायच्या आणि चोथा ताटाच्या कडेला."

पोरांचे सगळे हात वर. दत्ताजीरावांनी ताडकन कपाळावर हात मारला. "अरेच्चा! सरगवा!"

टाळ्या सुरू झाल्या होत्या. देवश्री खुर्चीवर चढली होती. आणि मंचावर मालविका राजाध्यक्षांनी पहिला ग्रंथ मिटला, दुसरा उघडला, मिटला, तिसरा उघडला, आणि माईक जवळ ओढला.

"माफ करा. हा शब्द मराठी नाही."

टाळ्या हळूहळू गळून पडल्या.

"मराठीत याला शेवगा म्हणतात," त्या म्हणाल्या. आवाजात टोचणी नव्हती. "सरगवा गुजराती आहे. तिन्ही कोशांत नाही."

शेवगा निरुपमाला माहीत होता. तिच्या शब्दांच्या वहीत शेवगाही होता आणि सरगवाही, दोन वेगळ्या पानांवर. शेवगा म्हणजे झाड, सरगवा म्हणजे त्या झाडाची भाजी, अशी वाटणी तिनं मनातल्या मनात केव्हा करून टाकली होती ते तिलाही आठवेना. चोपन्न वर्षांत खंडेराव मार्केटातून तिनं किती जुड्या आणल्या असतील, आणि एकदाही शंका आली नव्हती.

"अर्थातच गुजराती!" दत्ताजीराव उभे राहिले होते. "उघड आहे. म्हणूनच मला सुचला नाही."

"आजोबा, आत्ता कपाळावर हात मारलात तुम्ही!" देवश्री खुर्चीवरूनच ओरडली. "सगळ्यांनी बघितलं!"

"डास होता."

"आता दोन गुण शिर्क्यांना," कुणीतरी म्हणालं. "अकरा-नऊ. दहावी जीत."

संजीवनं मात्र आकडा लिहिला नाही. तो नियमांच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तिकेत बोट घालून उभा होता. रिफायनरीत त्यानं आयुष्यभर हेच केलं होतं: कुणी काही दाबण्याआधी पुस्तिका वाचायची.

"कलम अकरा," त्यानं वाचलं. "'शब्द कोशात नसल्यास, परंतु देणारे घर वगळून अन्य तीन घरांनी उभे राहून तो आपल्या घरी नित्य बोलण्यात आहे अशी साक्ष दिल्यास, तो मराठी धरावा.' हे गेल्या बावीस वर्षांत वापरलेलं नाही. पण खोडलेलंही नाही." त्यानं घड्याळ पुसलं. "एक मिनिट देतो. तीन घरं."

सभागृह शांत झालं. ती शांतता निरुपमाला चांगली ओळखीची होती. इथे बसलेल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी संस्थानात कारकून होतं, मुन्सफ होतं, पंडित होतं. बाहेर गुजराती, कचेरीत हिंदी, इंग्रजी. पण घरात शुद्ध मराठी, हे इथे कुळाचारासारखं सांगितलं जायचं. आणि आता पुण्याच्या बाईंसमोर उभं राहून म्हणायचं, की आमच्या घरात भाजीचं नावही गुजराती आहे. जाहीरपणे कवळी काढून दाखवण्यासारखंच ते.

दहा सेकंद गेले. ती माणसांकडे बघत गेली. तिसऱ्या रांगेतल्या बाई तिला गेल्याच आठवड्यात मार्केटात भेटल्या होत्या, त्यांच्या पिशवीतून शेंगांची टोकं बाहेर आलेली होती. त्या आता पंख्याकडे बघत होत्या.

काठीचा आवाज झाला. ऐंशी वर्षांचे धनाजीराव शितोळे उभे राहिले. "आमच्याकडे सरगवा. शेवगा हा शब्द मी पहिल्यांदा साताऱ्याला सासरवाडीत ऐकला. मला वाटलं काहीतरी औषध देतायत."

हशा पिकला. "एक," संजीव म्हणाला.

वीस सेकंद गेले. मधल्या रांगेतून सानवी उभी राहिली, नुकतीच लग्न होऊन आलेली कॉलेजातली प्राध्यापिका. तिची सासू तिच्या ओढणीचं टोक खाली ओढत होती. "बस ना, पाहुण्या बसल्यात समोर!"

"आई, पण आपण सरगवाच म्हणतो ने?" सानवी म्हणाली. तो 'ने'ही तिला इथल्या गुजरातीतूनच लागला होता. "तुम्हीच शिकवलंत मला. मी नागपूरची, मी मुनग्याच्या शेंगा म्हणत होते, तर तुम्ही हसलात."

सासूनं ओढणी सोडली. "दोन," संजीव म्हणाला. "पंचवीस सेकंद उरले."

मग कुणीच उठलं नाही. वीस. निरुपमा उभीच होती, आणि तिच्या मनात आलं की हाच तिचा शब्द आहे, घरातला, रोजचा, अगदी तसा जसा तिला फळ्यावर लिहायचा होता. आणि एवढी घरं बसलीत, तरी त्याला तिसरं घर मिळत नाहीये. पंधरा. देवश्री खुर्चीवरून उतरली. दहा.

पर्सची चेन लागल्याचा आवाज आला.

रमाकाकू उभ्या राहिल्या.

"रमा!" दत्ताजीराव म्हणाले. "बस खाली. आपण जिंकतोय."

"काल सकाळी सात वाजता मला कोण म्हणालं, सरगवा कोवळा बघून घे, मागच्या वेळचा राठ निघाला म्हणून?"

"ते घरातलं बोलणं झालं!"

"साक्ष घरातल्याच बोलण्याची मागतायत, अहो." त्या सभागृहाकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "आमच्याकडे सरगवा म्हणतात. सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, असं त्याच सांगायच्या. आणि मला हा शब्द पहिल्या अर्ध्या मिनिटातच दिसला होता. मी दोनदा तोंड उघडलं. थांब म्हणाले, म्हणून थांबले. आता कोणी थांब म्हणालेलं नाही."

"मी आत्ताच बस म्हणालो!"

"बस म्हणालात. थांब नाही."

सभागृह हसलं, आणि मग एकदम थांबलं. सगळे संजीवकडे बघू लागले. त्याचं बोट पुन्हा पुस्तिकेत. "खेळणारं घर साक्ष देऊ शकतं का," तो स्वतःशीच म्हणाला, आणि कलम पुन्हा वाचलं, ओठ हलवत. "'देणारे घर वगळून.' देणारं घर प्रधान. शिर्क्यांना मनाई नाही." त्यानं वर पाहिलं. "तीन. पण निकाल परीक्षकांचा."

मालविकाबाईंनी माईक ओढला नाही. त्यांनी आधी ती साधी वही ओढली. "काकू, तुम्ही नुसता सरगवा म्हणता, की सरगव्याची शेंग?"

"भाजी आणायला सांगताना सरगवा. ताटात वाढताना शेंग."

"आणि झाडाला?"

"झाडालाही सरगवाच."

बाईंनी लिहून घेतलं, खाली दोनदा रेघ मारली, आणि मगच माईककडे वळल्या. "कोशात नाही, ही कोशाची उणीव. नियम तुमचा आहे आणि तो पुरा झालाय. शब्द ग्राह्य. दोन गुण प्रधानांना."

नऊ-अकरा. पुढचे काही क्षण निरुपमाला नीट ऐकूच आलं नाही. देवश्री तिच्या गळ्यात पडली होती, पोरं सतरंजीवर उड्या मारत होती, आणि संजीव मागच्या दारापाशी गर्दी करू नका म्हणून ओरडत होता. गंमत म्हणजे आता जो तो उभा राहत होता. पंख्याकडे बघणाऱ्या बाई सगळ्यात मोठ्यानं सांगत होत्या, "आमच्याकडेही सरगवाच! आणि रद्दीला आम्ही पस्ती म्हणतो!" कुणी स्वयंपाकघराला रसोडा म्हणालं, कुणी लाटण्याला वेलण. कोंडून ठेवलेलं पाणी सुटावं तशी घरं बोलायला लागली.

दत्ताजीराव खुर्चीत बसून होते. घंटीवरचा हात त्यांनी काढला नव्हता. निरुपमा त्यांच्यापाशी गेली.

"काका..."

"अवगाहन चांगलं सोडवलंस," ते म्हणाले. मग रमाकाकूंकडे न बघता, "अर्ध्या मिनिटात दिसला होता?"

"त्याच्याही आधी," रमाकाकू म्हणाल्या. "अर्धं मिनिट तुमचा मान ठेवून म्हटलं."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी घंटी उचलली आणि बायकोच्या पर्सशेजारी ठेवली.

रिवाज असा, की निकाल लागला की जिंकणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी पहिला शब्द लिहायचा. सगळी गर्दी पडवीत लोटली. बाहेरच्या कडुनिंबावर उत्तरायणातला एक फाटका पतंग अजून अडकलेला होता, त्याखाली स्कूटर लावून आणखी माणसं थांबली. फळ्यावर दत्ताजीरावांचे पाच शब्द होते, वळणदार, सुबक अक्षरात. निरुपमानं डस्टर उचललं, पण तिचा हात थांबला.

"पूस," मागून दत्ताजीराव म्हणाले. ते गर्दीतून वाट काढत पुढे आले होते. "तिसरा मात्र राहू दे. तो अजून कुणाला सुटलेला नाही."

तिनं तिसरा ठेवला, बाकीचे पुसले. देवश्रीच्या कानात एक शब्द सांगितला, आणि देवश्रीनं खडू घेऊन मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: बो, ळी, क, ड.

पोरं फळ्याला नाक लावून उभी राहिली. त्यांच्या मागे आया, त्यांच्या मागे धनाजीरावांची काठी. "बोकड!" कुणीतरी ओरडलं. "बोकड आहे!" "ळी उरला, गप!" "कडबो... कडबो काय?"

दत्ताजीरावांनी चष्मा लावला, फळ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. तोंड उघडलं.

"आजोबा, सांगायचं नाही!" सात-आठ वर्षांची एक मुलगी त्यांच्या सदऱ्याला धरून म्हणाली. "आम्हाला काढायचाय!"

त्यांनी तोंड मिटलं. गाल फुगले. दोन पावलं मागे सरले, परत पुढे आले.

"शेवटचं अक्षर तरी सांगू?"

"नाही!" पोरं एका सुरात किंचाळली, आणि निरुपमा डस्टर हातात धरून हसत सुटली.